वीतभर अंतर

उजवा तळहात डाव्या तळहातावर अधांतरी धरायचा, दोन्ही एकमेकांच्या उलट फिरवायचे आणि म्हणायचं, "भांडण लावू नका यांच्यात." काका कुठेही भेटले तरी पाच मिनिटांत हे व्हायचंच. एका बारशाच्या पंगतीत मी त्यांना दोन पत्रावळ्या घेऊन हेच समजावताना पाहिलंय.

वर्तकनगरात आमचं छोटं ऑफिस. औषधं पोचवणारी, माणसाविना उडणारी लहान हेलिकॉप्टरं आम्ही बनवतो. एकाच दांड्यावर एकावर एक असे दोन पंखे, उलट दिशांनी फिरणारे. त्यामुळे शेपटीला वेगळा पंखा लागत नाही. त्यांची रचना काकांची, ऑफिसातल्या आम्हा सगळ्यांच्याच काकांची. वरच्याने ढवळलेली हवाच खालच्याच्या वाट्याला येते, बिचाऱ्याला ताजी हवा माहीतच नाही, असं ते धाकट्या जावेबद्दल बोलावं तसे बोलत. दोघांमध्ये वीतभर अंतर. जास्त ठेवलं तर दांडा लांब आणि जड. कमी ठेवलं तर झटक्यात वळताना पाती वाकून एकमेकांना भिडणार.

ते तपासायची त्यांची रीत अगदी घरगुती होती. वरच्या पात्याच्या टोकाखाली ब्रशचे राठ केस चिकटवायचे, त्यांना गेरू लावायचा. उड्डाणानंतर खालच्या पात्यावर लाल खूण दिसली, की अंतर अपुरं. ती बघून होईपर्यंत यंत्राला कुणी हात लावायचा नाही. लावलाच, तर काका दिवसभर अबोला धरत.

खंडेनवमीला चाचणी लांबली. यंत्र उतरलं तेव्हा मालकांच्या आई पूजेचं ताट घेऊन कधीच्या उभ्या होत्या. काकांनी निमूट चपला काढल्या. आजींनी पात्यापात्याला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिले. दसऱ्यानंतर कामावर आल्यावर काकांनी खालच्या पात्यावरचा लाल डाग पाहिला. "आजींचा हात सढळ आहे," म्हणाले आणि फडक्याने पुसून टाकला. आम्ही हसलो.

त्याच सकाळी वळताना पाती भिडली. यंत्र उडवत होती ती आमच्यातलीच, पंचविशीची पोर. एक तुकडा तिच्या डोळ्यात गेला. तो डोळा वाचला नाही.

मालक म्हणाले, वाऱ्याचा झोत आला. ते सगळ्यांच्याच सोयीचं होतं. काका मात्र नौपाड्यातल्या इस्पितळात तिच्या खाटेशी गेले आणि सगळ्यांदेखत बोलले, "वारा नव्हता गं. तो गेरू होता. मी कुंकू समजून पुसला."

काका, तुम्ही कामावर यायचं सोडू नका, एवढंच ती म्हणाली.

ते आलेच नाहीत.

दिवाळीनंतर मी डोंबिवलीला त्यांच्या घरी गेलो. घामाघूम बसले होते. काकू म्हणाल्या, घरातला पंखासुद्धा लावू देत नाहीत. मला त्यांचा रागच आला, चूक काय जगात यांच्या एकट्याच्याच हातून झाली? मी सांगितलं, ती परत कामावर येते, दांडा लांब केलाय, तुमच्यावाचून अडतंय. ऐकत होते की नाही, कोण जाणे. मग हळू आवाजात विचारलं, "एका डोळ्याने अंतर कळत नाही म्हणतात. चहा ओतता येतो का रे तिला?"

"येतो की," मी म्हणालो.

त्या सकाळीच तिने माझ्यासाठी चहा ओतला होता. कपाच्या शेजारी, टेबलावर.