दोन माणसांचं घर

शैलामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये रांगेत उभा होतो. फोन त्यांच्या जुन्या घराच्या शेजारीण फ्राऊ बेकर यांचा होता. स्टुटगार्टला येणाऱ्या निम्म्या मराठी पोरांच्या त्या मावशी. त्यांचं राहतं घर माझ्यामुळे गेलं, हे मला त्या गेल्यावर कळलं... लिहून टाकल्याशिवाय चैन पडणार नाही.

येना शहरातल्या विद्यापीठात शिक्षण संपवून मी नोकरीसाठी आलो आणि त्यांच्याकडे उतरलो. काकांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. पेन्शन तुटपुंजं, म्हणून चौथ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांचं भाडं सरकारी कचेरी भरत असे. इथे राहत्या पत्त्याची नोंद करावी लागते, ती मी मावशींच्या घरची केली. पुढे जवळच्याच गेर्लिंगेन गावात खोली मिळाली, पण तिथला मालक नोंद करू देईना आणि नोंदीशिवाय माझा व्हिसा वाढवून मिळणार नव्हता.

"मावशी, नुसतं नाव राहू दे तुमच्याकडे," मी म्हटलं.

"राहू दे की. नावाला काय गादी घालायचीय?" त्या हसल्या.

त्याच सुमारास कचेरीने हात आखडता घेतला. जुन्या फायली पुन्हा तपासायला निघाल्या. नियम असा, की घरात दोन माणसं असतील तर मदत एकाच्या वाट्याची, म्हणजे निम्म्या भाड्याची. मावशींच्या घरी कागदोपत्री दोन माणसं होती. मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायची तसदी मी घेतली नाही, हे जास्त खरं.

थंडीच्या तोंडावर त्या म्हणाल्या, "अरे, गुडघे बोलायला लागलेत. आता चार जिने नकोत." शहराच्या टोकाला तळघरातली एक खोली त्यांनी घेतली. मित्राची गाडी आणून मीच सामान हलवलं. भिंतींना ओल होती, खिडकीतून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे फक्त बूट दिसत. "सहाच पायऱ्या, बरं झालं की," असं मी वर म्हणालो. "गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या आणि पेटी उघडायला लागल्या. तिथेच त्यांना खोकल्याने धरलं. त्या हिवाळ्यात मी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा तर अंगातला कोटही काढला नाही, इतकं गार होतं आत. मला स्वतःची लाज वाटते.

अंत्यविधी झाल्यावर फ्राऊ बेकरनी मावशींची फाईल माझ्या हातात ठेवली. "तो इथे राहत नाही, एवढं एक वाक्य लिहून दे, असं मी तिला कितीदा सांगितलं," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. "तर म्हणायची, मग त्याच्या व्हिसाचं काय?"

ती फाईल आता माझ्या कपाटात आहे. आत कचेरीने भरून मागितलेल्या फॉर्मची प्रत आहे. सदर व्यक्ती आपल्याकडे राहते का? मावशींनी 'हो'वर खूण केली आहे. नातं काय? त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलंय: भाचा. खाली सही आणि तारीख. तारीख माझ्या वाढदिवसाची आहे. त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच जेवायला होतो. त्यांनी श्रीखंड केलं होतं, आग्रह करकरून वाढलं होतं, आणि व्हिसाचं काही कळलं का रे, एवढंच विचारलं होतं.