शिवलेले केस

टायफॉइडने माझ्या धाकट्या बहिणीचे केस पार विरळ झाले होते. लग्नात दिसायला नको म्हणून तिने पार्लरमध्ये कुणाचे तरी लांबसडक केस डोक्यालगतच्या बारीक वेण्यांवर शिवून घेतले. नवऱ्याला हे ठाऊक नव्हतं. काल ते काढायला ती माझ्याकडे आली. मी एकेक टाका उसवत होते, ती सारखी चुळबुळत होती.

"ताई, माझे कापू नकोस हं."

"मग मान हलवू नकोस."

परके केस मांडीवर पडताच तिने दोन्ही हातांनी डोकं कराकरा खाजवलं. इतके दिवस तिचा नवरा कौतुकाने हात फिरवत होता, तो नेमका कुणाच्या केसांवरून, हा विचार मला स्वस्थ बसू देईना.

बेल वाजली. तिला न्यायला तोच आला होता. मी ओढणी पुढे केली. तिने ती क्षणभर हातात धरली, मग खुर्चीवर टाकली आणि स्वतःच दार उघडायला गेली.