पूकाचं डोकं खिडकीतून आलं

डेक्लनने फॉर्म आणि पेन माझ्यापुढे धरलं तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. मी पेन घेतलं नाही. वाकून मंडपाच्या कोपऱ्यातल्या काळ्या टाकीवर बोटांनी वाजवलं. आवाज पोकळ आला. पुढच्या टाकीचाही तसाच.

"अर्ध्याच भरल्यात," मी म्हणाले.

२०१८चा ऑक्टोबर होता. आयर्लंडमधल्या नावन गावापासून थोड्या अंतरावर एक पडका किल्ला आहे. तिथे हॅलोवीनला मुलांसाठी एक दिवसाचा कार्यक्रम होता. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. पुण्यात पुलांवर काम करत होते, आयर्लंडला आल्यावर टेम्पररी स्ट्रक्चर्समध्ये शिरले. म्हणजे मंडप, स्टेज, कमानी. दोन दिवस उभं राहून निघून जाणाऱ्या गोष्टी. त्या तपासून सही करायची, हे माझं काम. माझी सही झाल्याशिवाय आत लोक सोडत नाहीत.

कार्यक्रम पूकावर बेतलेला होता. पूका म्हणजे रूप बदलणारं भूत. त्या भागात तो बहुतेकदा काळा घोडा होऊन येतो. हॅलोवीन उलटला की रानातल्या ब्लॅकबेरी खायच्या नाहीत, कारण पूका त्यांच्यावर थुंकून जातो, असं तिथली मोठी माणसं मुलांना सांगतात. डेक्लन कार्यक्रमाचा मॅनेजर. त्याने विलोच्या लवचीक फांद्या विणून आठ फूट उंच घोडा करून घेतला होता. तीन माणसं आत शिरून तो चालवणार, आणि शेजारी उभी राहून मोरा गोष्ट सांगणार. मोरा सत्तरीची, किल्ल्यावरची गाईड, त्याच गावात वाढलेली.

अशा जुन्या जागी जमिनीत एकही खुंटी ठोकता येत नाही. खाली काय पुरलेलं असेल कोणाला माहीत. म्हणून मंडपाच्या प्रत्येक खांबाला पाण्याने भरलेली टाकी बांधतात. वारा मंडप उचलायला बघतो, टाकीचं वजन त्याला खाली धरतं. आठपैकी चार टाक्या अर्ध्या होत्या. मंडपवाल्यांचा पाण्याचा टँकर संपला होता आणि किल्ल्यावरचा एकमेव नळ करंगळीएवढ्या धारेचा. त्यात दुपारनंतर जोराचा वारा सुटेल असा अंदाज होता.

"आत्ता तर पानही हलत नाहीये," डेक्लन म्हणाला. "इट्स ग्रँड, मीनल."

"आत्ता नाही हलत. शो तीनला आहे."

"लोक स्वोर्ड्सहून, डब्लिनहून निघालेत. त्यांना काय सांगू, टाकीत पाणी नाही?"

"शो मंडपात घेऊ नकोस, एवढंच सांगते. मी सही करणार नाही. आणि वरचं कापड आत्ताच उतरवायला लाव."

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता गवतावर बसला आणि त्याने डोकं हातात धरलं. हा कार्यक्रम त्याने वर्षभर खपून उभा केला होता. मला फार वाईट वाटलं. पण दोनशे लोकांवर कापड कोसळलं तर काय होतं, ते मला कागदावर मांडता येत होतं.

मोरा आमचं बोलणं ऐकत होती. ती म्हणाली, "माझ्या आजीने ही गोष्ट कधी तंबूत सांगितली नाही."

"मग कुठे सांगायची?" मी विचारलं.

"चुलीपुढे. बाहेर वारा असेल तेव्हाच."

तिने मला बुरुजाच्या तळाशी नेलं. तिथे कमानीच्या छताची एक दगडी खोली होती. एक दार, एक उंच अरुंद खिडकी. मी टेप काढली. छताचे दगड टॉर्च लावून एकेक पाहिले. दुरुस्ती अलीकडेच झाली होती आणि तिचा रिपोर्ट मोराच्या केबिनमध्ये होता. तो उभ्या उभ्या वाचला. छत पक्कं होतं. अडचण दाराची. एकच दार असलं की किती माणसं पटकन बाहेर पडतील यावर आतली संख्या ठरते. हिशेब आला पस्तीस. मेणबत्त्या नाहीत, फक्त बॅटरीचे कंदील.

"पस्तीस म्हणजे सहा-सात वेळा सांगावी लागेल," मी मोराला म्हणाले. "जमेल तुम्हाला?"

"मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलंय," ती म्हणाली.

राहिला घोडा. तो दारातून जाईना. बाहेर ठेवला तर शिडासारखा वारा धरून उलटणार. डेक्लन त्याच्याभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "याचं डोकं काढता येतं." मी खिडकी मोजली. डोकं त्यातून जाऊन दोन बोटं जागा उरत होती.

तीन वाजता पहिली तुकडी आत गेली. मी दाराशी माणसं मोजत होते. कंदिलाच्या उजेडात मोरा हळू आवाजात सांगत होती. वारा आता बुरुजाभोवती घोंघावायला लागला होता. "आणि मग," ती म्हणाली आणि थांबली. खिडकीतून काळं डोकं सावकाश आत आलं. फांद्या दगडाला घासल्या. मग एक छोटी मुलगी म्हणाली, "हाय, पूका," आणि सगळी खोली हसली.

पावणेचारला वाऱ्याच्या झोताने मंडप सोसू शकला असता ती मर्यादा ओलांडली. वारा मोजायचं मीटर माझ्या हातातच होतं. मी ते डेक्लनला दाखवलं. मोकळ्या मैदानात नुसता लोखंडी सांगाडा उभा होता, त्यातून वारा आरपार जात होता. डेक्लनने आकडा वाचला, घड्याळ पाहिलं आणि दोन्ही गोष्टी कार्यक्रमाच्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवल्या. "शो पंधरा मिनिटांपूर्वी मंडपात संपला असता," तो म्हणाला. "सगळे अजून त्या कापडाखालीच बसून बिस्किटं खात असते."

मोराने गोष्ट सात वेळा सांगितली. सातव्या वेळी आवाज बसला होता, त्यामुळे ती जास्तच भीतीदायक झाली. शेवटच्या तुकडीत माझी मुलगी ईरा होती, नऊ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र आयरिश इंग्लिशमध्ये. बाहेर पडताना ती मैत्रिणीला म्हणाली, "माय मॅम पिक्ड दॅट रूम." मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि पुढची दहा मिनिटं उगाचच टेप गुंडाळत बसले.

पुढच्या वर्षी डेक्लनने मंडप मागवलाच नाही. नकाशावर त्या खोलीला आता 'पूकाची खोली' म्हणतात आणि तिथली जागा सगळ्यांत आधी भरते.

नाही म्हणणारा इंजिनिअर कोणालाच आवडत नाही. नाही म्हणून झाल्यावर दुसरी जागा मोजायला निघणारा चालतो. त्याला पुढच्या वर्षीही बोलावतात.