पुस्तकातलं अर्धं वाक्य

आईला स्मृतिभ्रंश झाला आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी काय केलं, तर पुस्तकं मागवली. ही २००४ च्या आसपासची गोष्ट. आम्ही विजयदुर्गला बंदराच्या वरच्या अंगाला राहायचो आणि माझी कचेरी देवगडला होती. पुण्याच्या मेहुण्याने दोन पुस्तकं पाठवली. एक जाडजूड इंग्रजी, मेंदूच्या चित्रांचं. ते मी निम्मंही वाचलं नाही. दुसरं पातळ, मराठी, अशा माणसाला घरी सांभाळणाऱ्यांसाठी लिहिलेलं. ते मी येष्टीत जाता-येता वाचायचो. रोगी मुद्दाम तसं वागत नाही, त्याच्याशी वाद घालू नका, त्याची चूक दाखवू नका, हे सगळं मला त्या पुस्तकाने शिकवलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

पण वाचत होतो मी आणि आईला सांभाळत होती माझी बायको. संध्याकाळी घरी आलो की मी तिची परीक्षा घ्यायचो. आईला जेवताना टीव्ही का लावलास? दोन प्रश्न एकदम का विचारलेस? पुस्तकात तसं नाही. एके दिवशी तिने ओल्या हातानेच मला थांबवलं.

"अवो, उद्यापास्ना त्या पुस्तकाकच सांगा आयेक आंघोळ घालूक. मी बसतंय येष्टीत वाचीत."

मला राग आला होता. आज लाज वाटते. आता आमच्या भागात कुणाच्या घरी असं दुखणं निघालं की लोक ते पुस्तक मागायला येतात. मी देतो आणि सांगतो, घरात जे माणूस आंघोळ घालतं, त्याच्या हातात आधी द्या.

आईने जन्मभर मासळी विकली होती. वडील जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, तरी दुपार कलली की ती पदर खोचून बंदराकडे निघायची. एकदा ती कमरेएवढ्या पाण्यात वडिलांच्या होडीची वाट बघत उभी होती. खलाशांनी तिला हाताला धरून घरी आणलं. त्यानंतर मी पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना आतून वर, तिचा हात पोचणार नाही अशी कडी बसवली. ती तळव्यांनी दार बडवायची, कडीला शिव्या घालायची. मी कचेरीत असायचो. ते ऐकायला बायको असायची.

पुस्तकात मात्र लिहिलं होतं : दार अडवू नका; कुठे जायचं आहे ते शांतपणे विचारा आणि त्यांच्याबरोबर थोडं चालून या.

एका सुट्टीच्या दिवशी मी कडी काढून ठेवली. आई उठली, उंबरठ्याशी आली. मी अगदी गोड आवाजात विचारलं, "आये, खंय चललंस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी लहान झालो. "मेल्या, भायर पडताना 'खंय' म्हणान इचारतंस? आज एक मासो गावाचो नाय!"

आमच्याकडे निघालेल्या माणसाला कुठे चाललास असं विचारत नाहीत. काम फसतं म्हणतात. विचारलंच कुणी, तर मागे फिरून बसायचं, पाणी प्यायचं आणि मग नव्याने निघायचं. मला हे काय ठाऊक नव्हतं? पण पुस्तकाचं बोलायच्या नादात मी घरचं बोलणं विसरलो. आई मागे फिरली, बसली, पाणी प्यायली. आणि पाणी पिता पिता कुठे निघालो होतो ते विसरून गेली.

आतून बायको हसली. "पुस्तक लिवणाऱ्याच्या घरात होडी नसतली."

मला मात्र युक्ती सापडली. मी बायकोलाही ती शिकवली. आई उठली की 'खंय' म्हणायचं, की ती बसते. कडीची गरज उरली नाही. कचेरीत मी हे कौतुकाने सांगितलंसुद्धा.

मग एकदा मी ओटीवर बसलो असताना आई मागच्या दाराने निघालेली दिसली. चपला हातात, पावलांचा आवाज होऊ न देता, चोरासारखी. मला पाहताच ती भिंतीला चिकटली.

बायको हळू आवाजात म्हणाली, "कडीच बरी होती. कडयेक ती गाळी तरी घाली. तुमका भियाता."

मी पुस्तक उघडलं आणि ते वाक्य परत वाचलं. 'आणि त्यांच्याबरोबर थोडं चालून या.' ते तिथेच होतं. मी माझ्या सोयीचं अर्धं तेवढं उचललं होतं.

पुढच्या रविवारी आई उठली तेव्हा मी काही विचारलं नाही. चपला घातल्या आणि तिच्या बाजूने चालू लागलो. बंदरावर मासळीवाल्या बसल्या होत्या. मुलगा बरोबर पाहून एकीने आईला हाक मारली.

"काय गो काकी, आज झिलाक घेवन? पाटी उचलूक?"

आईने वाकून एक बांगडा उचलला, कल्ला उघडून पाहिला. "ह्यो कालचो. डोळे बघ त्याचे, तुझ्या घोवासारखे."

सगळ्या जणी खदखदून हसल्या. जिच्या नवऱ्याची ही थट्टा, ती तर पदर तोंडाला लावून हसली. आई पुढच्या पाटीकडे गेली, तिथेही भाव पाडून मागितला. ही आई मी वर्षभर पाहिली नव्हती. ती गेली असंच मी धरून चाललो होतो.

फिरून ती दमली आणि बर्फाच्या पेट्यांच्या सावलीत बसली. मी समोर उभा होतो. तिने डोळ्यांवर हात धरून मला न्याहाळलं.

"कोणाचो रे तू?"

मासळीवाल्या ऐकत होत्या. ती मला ओळखत नाही हे मला आधीही कळलं होतं, पण चारचौघांत कधी झालं नव्हतं.

"तुझोच गो," मी म्हटलं.

तिने सरकून जागा केली.

"मगे उनात कित्याक उबो? हय बस, सावळेक."