ट्रेलरमधला वास

गॅसचं सिलिंडर लावलं की त्यावर मी खडूने तारीख लिहितो. घरची टाकी किती मिनिटांत भरते हे मला पाठ आहे. अशा माणसाला या सदरातले भुताखेतांचे अनुभव वाचून हसू यायचं, हे आधीच कबूल करतो. आता हसत नाही. विश्वास बसला असंही नाही... मधेच कुठेतरी अडकलो आहे.

आम्ही मूळचे वर्ध्याचे. वडिलांच्या नोकरीमुळे रायपूरला आलो आणि इथलेच झालो. नवी राजधानी वसू लागली, रुंद रस्ते झाले, सुट्टीत धरणांवर गर्दी व्हायला लागली, तेव्हा माझा धाकटा भाऊ विनोद याने नोकरी सोडून दोन एटीव्ही घेतल्या — वाळूत-चिखलात चालणाऱ्या, जाड टायरांच्या चारचाकी गाड्या. लोकांना त्यांवर चक्कर मारू द्यायची, हा धंदा. गाड्या नेण्यासाठी आणि तिथेच मुक्काम करण्यासाठी रायपूरलगतच्या बीरगांवातल्या रामखिलावन नावाच्या कारागिराकडून त्याने कॅम्पिंग ट्रेलर बनवून घेतला. लांबी सोळा फूट. मागच्या नऊ फुटांत गाड्या, पुढच्या सात फुटांत दोन बर्थ आणि छोटा ओटा. डावा बर्थ त्याची बायको रेखा हिचा, उजवा त्याचा. पत्रा, अँगल, प्लायवूड सगळं नवं कोरं होतं, मी समोर उभं राहून पाहिलं आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘जुन्या सामानातून काही आलं असेल’ हे उत्तर इथे लागू पडत नाही.

रेखाला दमा. दुसऱ्याच फेरीत पेट्रोलच्या वासाने तिला धाप लागली. चौथ्या फेरीनंतर ती भिलाईला माहेरी गेली. निघताना मला म्हणाली, “भाऊजी, मी रुसून नाही चालली. त्या डब्यात माझा श्वास कोंडते. वास गेला की फोन करा, दुसऱ्या दिवशी येते.”

विनोदचा धंदा ट्रेलरवर, आणि महिन्यातले वीस दिवस मुक्काम ट्रेलरमध्ये. वास गेला नाही तर संसार गेला, इतकं ते सरळ होतं. मी रजा टाकली.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते. विनोदने झरोके ठेवले होते छताजवळ! मी मागच्या भागात जमिनीलगत दोन्ही बाजूंना झरोके पाडले. मधल्या भिंतीच्या सगळ्या फटी रबराच्या पट्टीने बंद केल्या. गाडी चढवण्याआधी पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. टाकीच्या झाकणाची हवेची नळी ट्रेलरबाहेर काढायची. पेट्रोलचा कॅन आत नाही, मागे बाहेरच्या जाळीत. खालच्या प्लायवूडने पेट्रोल शोषलं होतं. ते उखडून ॲल्युमिनियमचा पत्रा टाकला.

वास बराच कमी झाला, पण जाईना. मग गाड्याच उतरवल्या. आठ दिवस ट्रेलर रिकामा, दारं सताड उघडी, वर मे महिन्याचं ऊन. तरी डाव्या बर्थच्या उशाशी पेट्रोलचा वास. चार फुटांवरच्या उजव्या बर्थला अजिबात नाही. विनोदच्या डोळ्यांना पट्टी बांधून मी त्याला दहा वेळा उलटसुलट फिरवून आत नेलं. दहाही वेळा त्याने डावी बाजू बरोबर सांगितली.

“दादा, आता नाक काढून तुले देऊन टाकतो,” तो म्हणाला. “तूच फिरवत बस.”

शेवटी रामखिलावनला बोलावलं. मी त्याला म्हणालो, “भैया, इसमें वास है. इधर, बायें बर्थ पर.”

त्याने आत डोकं घातलं, थोडा वेळ थांबला, बाहेर येऊन चपला काढून उभा राहिला. “हव भैया. वास तो है.”

“कैसे निकलेगा?”

“निकालना काहे है? रहने दो.”

“घर की बहू को तकलीफ है.”

“तकलीफ तो निकालोगे तब होगी.”

काम टाळतो आहे असं समजून मी त्याला चार शब्द सुनावले. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. “अहो, हिंदीत ‘वास’ म्हणजे राहणं. कुणाचं तरी ठाण. आपल्या वासाले ते ‘बू’ म्हणतात. तीस वर्षं झाली रायपुरात, अन् तुम्ही अजून मराठीच बोलून राहिले त्यायच्याशी.”

म्हणजे ‘इथे कुणीतरी राहतं’ असं मीच म्हणालो होतो, आणि त्याने हो ला हो केलं. मला हायसं वाटलं. गैरसमज होता, संपला.

डावा बर्थ मी मुळापासून काढला. नवी फळी, नवी गादी, खाली कोळशाच्या चार पुरचुंड्या. तिसऱ्या दिवशी वास गेला. पूर्ण. रेखाला फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ती आली. पायरीवर उभी राहून तिने दोनदा खोल श्वास घेतला. “खरंच नाही हो भाऊजी.” विनोदने नवे पडदे लावले होते, ते तिने बघावेत म्हणून तो मागे घुटमळत होता. तिने आत पाऊल टाकलं आणि थबकली. परक्या घरात चुकून शिरल्यासारखी. मग अगदी नम्रपणे म्हणाली, “बसा, बसा. उठू नका.”

खाली उतरून तिने विनोदला हळूच विचारलं, “कोण आहेत ह्या?”

“कोण?”

“माझ्या जागेवर बसल्या त्या.”

मी आत गेलो. सात फूट बाय सहा फूट. मांजर लपायला जागा नाही. गादीवर घडीसुद्धा पडलेली नव्हती. “कोणी नाही, रेखा,” मी आतून म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली... माझ्याकडे आणि माझ्या शेजारी. “भाऊजी, तुम्ही पण?”

दुपारच्या बसने ती परत गेली. मी फोनवर सगळं समजावलं, तर म्हणाली, “वास होता तवा निदान मी एकटी तरी होती तिथं.”

त्यानंतर मी केलेलं सगळं उलटं केलं. झरोके बुजवले, रबर काढलं, टाक्या भरून गाड्या आत चढवल्या. वास नाही. शेवटी ठिणगी नको म्हणून बॅटरीची तार काढून, स्टीलच्या ग्लासात पेट्रोल ओतून तो डाव्या बर्थवर ठेवला. ग्लासात नाक घातलं तरी वास नाही. तोच ग्लास बाहेर आणला की सगळ्या अंगणात वास. पाच वेळा आत-बाहेर केलं, पाचही वेळा तसंच. विनोदनेही करून पाहिलं. तो मग पायरीवर बसला.

धंदा बंद आहे. ट्रेलर अंगणात उभा आहे. विकायला विनोद तयार नाही, आत पायही ठेवत नाही. मागच्या आठवड्यात रेखाच्या वकिलाचं पत्र आलं. ट्रेलरमध्ये ठेवलेल्या बाईचं नाव कळवावं आणि पंधरा दिवसांत लेखी खुलासा करावा, असं त्यात आहे. नऊ दिवस गेले. “दादा, तू लिही, तुले नीट लिहिता येते,” विनोद म्हणाला. मी तीन मसुदे लिहिले. मापं, तारखा, सगळं बरोबर आहे. नावाच्या जागी काय लिहायचं, ते मला माहीत नाही.