मावशींनी तपासलेले डॉक्टर

डॉक्टर माणसांना तपासतात, पण डॉक्टरांना तपासणारी बाई अख्ख्या नागपुरात एकच होती आणि ती नंदनवन वस्तीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होती. सगळे त्यांना मावशीच म्हणत. मूळच्या उमरेडच्या, विणकरांच्या घरच्या. नवरा गेल्यावर दारोदार लुगडी विकून त्यांनी दिवस काढले होते. वय साठीच्या आसपास, अंगाने काटक आणि चौकशीची हौस इतकी, की कुणाच्या दारात अनोळखी चप्पल दिसली तर त्यांना जेवण गोड लागत नसे. वांगं घ्यायचं तर देठ मोडून, कापड घ्यायचं तर धागा ओढून. रिक्षात बसण्याआधी रिक्षावाल्याला जेवलास का म्हणून विचारायच्या आणि तो उपाशी असला तर दुसरी रिक्षा बघायच्या, कारण "भुकेला माणूस घाईनं हाकलते". पारखल्याशिवाय त्यांनी देव्हाऱ्यात देवही बसवला नसता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दुसऱ्या मुलीच्या वेळी मी मरता मरता वाचले होते. तीन वर्षं तरी पुन्हा दिवस जाऊ देऊ नका, असं दवाखान्यातून निघताना बजावलं होतं. सासूबाईंना मात्र नातवाची घाई. ऑपरेशन मला नको होतं. दार चिणून टाकायचं नव्हतं, नुसतं लोटून घ्यायचं होतं. त्यासाठी गोळ्या मिळतात हे मी मासिकात वाचलं होतं, पण लिहून कोण देणार? आमचे घरचे डॉक्टर म्हणजे सासऱ्यांचे पत्त्यांतले भिडू. मी त्यांच्या पायऱ्या उतरायच्या आत बातमी आमच्या स्वयंपाकघरात पोचली असती. ह्यांची ना नव्हती, पण डॉक्टरसमोर बसलं की ह्यांना खोकलाच आठवायचा. दोनदा गोळ्या आणायला गेले आणि दोन्ही वेळा खोकल्याची बाटली घेऊन आले. शेवटी मी मावशींपाशी जाऊन रडले. त्यांनी ना डोळे पुसले, ना धीर दिला. "थांब वं," एवढंच म्हणाल्या, "आधी डॉक्टर पाहू दे मले."

मला वाटलं, चार बायकांना विचारतील. मावशींनी काय करावं? सोमवारी धुतलेलं लुगडं नेसून त्या इतवारीतल्या एका डॉक्टरकडे गेल्या आणि पोरं होऊ न देण्याच्या गोळ्या मागितल्या, त्याही स्वतःसाठी! साठ वर्षांच्या विधवा बाईची ती मागणी ऐकून डॉक्टर एवढा हसला, की बाहेरचा कंपाउंडर आत धावत आला. "नापास," मावशींनी घरी येऊन निकाल सांगितला. "जो मले हसते, तो तुले सोडते का?" धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाकावरच्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात झापलं. त्याही नापास. महाल भागातल्या तिसऱ्याने तर मान वर न करता सरळ गोळ्या लिहून दिल्या! मी आनंदाने हात पुढे केला, तर मावशींनी कागद माझ्यादेखत फाडला. "अवं, माहं तोंडबी नाही पाह्यलं त्यानं. साठ वर्षाच्या बाईले गोया लिहून देते, त्याले तुह्या जिवाची काय परवा?" इकडे माझा एकेक दिवस धास्तीत चालला होता आणि मावशींच्या परीक्षा संपत नव्हत्या. मी इतकी चिडले, की दोन दिवस बोलले नाही.

चौथे डॉक्टर सदरमधले, म्हातारे. ते हसले नाहीत. त्यांनी मावशींना बसवलं, पाय सुजतात का, डोकं दुखतं का विचारलं, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला आणि मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, ह्या गोळ्या तुम्हाला लागत नाहीत. ज्यांना लागतात त्यांना पाठवा. एकट्या आल्या तरी चालेल." मावशी घरी आल्या त्या मुलगी मॅट्रिक झाल्यासारख्या. "पास झाला वं! जाय आता."

मी गेले, मावशींनी पाठवलंय म्हणून सांगितलं. सोबत कोण आहे, असं त्यांनी विचारलं नाही. मला नीट तपासलं, माझ्याकडे बघून बोलले, एखादी गोळी चुकली तर काय करायचं तेही समजावलं. उठताना म्हणाले, "तुमच्या मावशी रक्तदाबाचं औषध घेतात ना? फार वाढलाय त्यांचा. लिहून दिलं होतं मी." मी तिथून तडक मावशींकडे आले. तो कागद तेलाच्या बाटलीखाली घडी करून ठेवलेला होता. "मला सांगितलं काहून नाही?" मी ओरडलेच. मावशींना खरोखर नवल वाटलं. "मी कुठं माह्यासाठी गेली होती?" त्या म्हणाल्या.

मग रोज दिवेलागणीला आम्ही दोघी परसातल्या मधल्या भिंतीपाशी येऊन आपापली गोळी घेऊ लागलो. "गिळ वं," त्या म्हणत. "तुम्ही गिळा आधी," मी म्हणे. तीन वर्षं अशी गेली. माझ्या अंगात पुन्हा ताकद आली आणि ह्यांच्याशिवाय घरात कुणाला पत्ता लागला नाही. त्यानंतर मावशी उमरेडला भाच्याकडे राहायला गेल्या. औषध घेता ना, असं मी पत्रातून विचारलं. उत्तर मावशींनी सांगितलेलं आणि भाच्याने लिहिलेलं होतं: "पोरं न होण्याच्या गोया सोडशील तं आधी सदरच्या डॉक्टरले विचारजो." तो मोठ्या मिशांचा, गंभीर माणूस, हे वाक्य लिहिताना बिचाऱ्याचं काय झालं असेल, या विचाराने मी खूप हसले. स्वतःच्या औषधाबद्दल मात्र पत्रात अक्षर नव्हतं. मी पुन्हा विचारलं. त्या पत्राचं उत्तर भाच्याने स्वतःच्या शब्दांत पाठवलं. मावशी गेल्या, एवढंच त्यात होतं. त्यांना रोज कुणीतरी समोर उभं राहून "गिळा" म्हणावं लागतं, हे मी त्या भाच्याला कळवायला हवं होतं. ते मला तेव्हा सुचलं नाही, याचं अजून फार वाईट वाटतं.