सेलिना मॅडम आणि खाबुऱ्याचा शिळा ढीग

सेलिना तुस्कानो मॅडमची आणि माझी पहिली भेट नोकरीच्या मुलाखतीत झाली. मस्कतबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतला फर्निचरसाठी बोर्ड बनवणारा कारखाना, त्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांची प्रयोगशाळा, आणि तिच्या प्रमुख या मूळच्या वसईच्या बाई. मी प्रमाणपत्रांची फाइल पुढे केली. ती त्यांनी उघडलीसुद्धा नाही.

"रत्नागिरीच्या ना तुम्ही? मग काजूच्या टरफलातल्या तेलानं हात भाजलाय कधी?"

भाजलाय, म्हटलं, लहानपणी. आठवडाभर कातडी निघत होती.

"का निघते, विचारलंत कुणाला?"

"नाही मॅडम. आई मारेल म्हणून गप्प बसले."

त्या मनापासून हसल्या. त्याच तेलापासून युरोपात आता रंग आणि रेझिन बनवतात, असं त्यांनी सांगितलं आणि पुढचा अर्धा तास मुलाखत राहिली बाजूलाच. दुसऱ्या आठवड्यात मी रुजू झाले. मुकादमांची सून ओमानात केमिस्ट झाली, हे माझ्या सासूबाईंनी गावभर केलं.

मॅडम आता साठ वर्षांच्या झाल्या. या गौरवग्रंथासाठी संपादकांनी मला त्यांच्या 'संशोधनकार्याविषयी' लिहायला सांगितलं आहे. शब्द भारदस्त आहे. मॅडम स्वतः त्याला 'खाजवणं' म्हणतात. डोक्यात काहीतरी खाजत राहतं, ते थांबेपर्यंत त्यांना चैन पडत नाही.

गेल्या काही वर्षांत आमच्या युरोपातल्या गिऱ्हाइकांचे प्रश्नच बदलले. पूर्वी ते विचारत, बोर्ड किती जाड, किती भार पेलतो. आता पहिला प्रश्न असतो, गोंद कशाचा? आमच्या जुन्या गोंदात फॉर्मल्डिहाइड असायचं. प्रेस उघडला की कामगार तोंड फिरवायचे, डोळ्यांतून घळाघळा पाणी. तिकडच्या लोकांना घरातल्या कपाटाला असला वास नको आहे, आणि नियमही कडक होत चालले आहेत. म्हणून तिथे लाकडातल्या लिग्निनपासून गोंद निघतोय, मक्यापासून पिशव्या, सफरचंदाच्या चोथ्यापासून चामड्यासारखं कापड. असले नमुने मागवण्याचा मॅडमना नादच. पार्सल आलं की सगळ्यांना हाक मारायच्या. एकदा प्लास्टिकचा एक कडक तुकडा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "ओळख बघू. एरंडेल आहे हे!" ज्या एरंडेलानं आमची सगळ्यांची लहानपणीची रविवारची सकाळ नासवली, त्याचे बूट घालून हे लोक बर्फावरून घसरतात म्हणे. आमचा हसून हसून जीव गेला.

पण भक्तिभाव मात्र नाही हं. "झाडापासून आलं म्हणून साजूक होत नाही, विषसुद्धा झाडालाच येतं," असं त्या नेहमी बजावतात. मक्याची पिशवी हातात घेतली तरी त्यांचे प्रश्न तयार. मका कुठे पिकवला? पाणी किती लागलं? ती जमीन आधी कुणाची होती? म्हणूनच त्यांचं लक्ष खजुरीकडे गेलं. ओमानच्या बातिना किनाऱ्यावर झाडं साफ केली की झावळ्यांचे ढीगच्या ढीग निघतात आणि बागवाले ते सरळ पेटवून देतात. त्यासाठी नवी जमीन नको, नवं पाणी नको. या झावळ्या आणि युरोपातून येणारा वनस्पतीचा गोंद, दोन्ही मिळून बोर्ड करायचा, हा मॅडमचा ध्यास होता.

त्या मला कधी 'तू' म्हणायला लागल्या ते आठवत नाही. माझी मुलगी आयेशा सुट्टीत प्रयोगशाळेत येऊन बसायची. तिचं मराठी अडखळतच चालतं. "मॅडम आंटी, हे झाड आहे, मग व्हाय प्लास्टिकसारखा?" असं तिनं विचारलं, तर मॅडम म्हणायच्या, "पूर्ण मराठीत विचार, मग पूर्ण उत्तर." पोरगी घाम गाळून वाक्य जुळवायची आणि मॅडम हातातलं काम टाकून उत्तर द्यायच्या. रमजानात गरम प्रेसचं काम त्या भल्या सकाळीच उरकून घेत, कारण प्रेसवरचे बरेच जण रोजे धरायचे. हे त्यांना कुणी सुचवलेलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. ती लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे, पण ती टाळून मॅडमविषयी लिहिणं म्हणजे नुसती शाल-श्रीफळ देणं होईल.

बोर्ड काही जमेना. गोंद घट्टच होत नव्हता. प्रेसमधून काढलेला बोर्ड हातात घेतला की नानकटाईसारखा भुगा. गोंद पाठवणारी युरोपातली मंडळी म्हणाली, तुमचा प्रेस बरोबर नाही. मग आम्हाला वाटलं, मालच चांगला नाही, म्हणून दर खेपेला आणखी ताज्या, आणखी हिरव्या झावळ्या आणायला लागलो. पालकाची जुडी निवडावी तशा निवडून आणायचो आणि मग भट्टीत वाळवून कापायचो. तरी भुगाच. शेवटी मालक, म्हणजे आमचे अर्बाब, कंटाळले. "सेलिना, एक आखरी बार. नहीं हुआ तो पुराना गोंद, लॅब खलास."

त्या शेवटच्या खेपेच्या झावळ्या आणायला मॅडमनी मला त्याच किनाऱ्यावरच्या खाबुऱ्याला, खजुरीच्या एका बागेत पाठवलं. झाडावर चढणारा माणूस काही येईना. आयेशाच्या शाळेत संध्याकाळी कार्यक्रम होता आणि शाळेच्या गावी, मस्कतजवळच्या माबेलाला पोचायला दीड-दोन तास लागणार होते. बागेच्या कोपऱ्यात गळक्या पाण्याच्या टाकीखाली जुन्या झावळ्यांचा ढीग पडला होता, काळपट, कुबट. काय सांगू, मी त्यातल्याच झावळ्या पोत्यांत भरल्या आणि नोंदीच्या कागदावर लिहिलं, 'ताज्या, आज तोडलेल्या.' वाळवून कापल्यावर कुणाला कळणार आहे!

आणि बोर्ड असा झाला की दोन माणसं वर उभी राहिली तरी वाकेना.

अर्बाब खूश. यल्ला, चला, आजच युरोपला कळवा! मॅडम मात्र बोर्डावरून हात फिरवत राहिल्या. "पण का गं झाला हा? इतके दिवस नाही आणि आजच का?" तीन दिवस त्या शोधत होत्या. प्रेसचं तापमान पुन्हा तपासलं. गोंदाचं पिंप तपासलं. त्या दिवशी हवेत दमटपणा किती होता, तेही काढलं. जेवणाचा डबा तसाच परत जायचा, पण चेहरा असा फुललेला, की जणू घरात कुणाचं लग्न ठरलंय. आणि मी शेजारी उभी राहून मोजमापं लिहून घेत होते. माझी पाचावर धारण बसली होती. नवऱ्याची नोकरी त्याच वर्षी सुटली होती. माझीही गेली असती, तर गाशा गुंडाळून रत्नागिरीला परतण्याशिवाय मार्ग नव्हता, आणि आयेशाची शाळा अर्ध्यावर. चौथ्या दिवशी मॅडम गोंदाचं दुसरं पिंप फोडायला निघाल्या, तेव्हा मी बोलून टाकलं.

त्यांनी पिंप तिथेच सोडलं. मग विचारलं, "कुठला ढीग? टाकीच्या कुठल्या अंगाचा?" आणि गाडीची किल्ली उचलली.

खाबुऱ्याला पोचल्यावर त्या त्या ढिगाशी चक्क फतकल मारून बसल्या. वरच्या झावळ्या बाजूला केल्या, खालच्यांचा वास घेतला. मग शेजारच्या झाडाची ताजी झावळी तोडवून घेतली, बादलीत भिजत घातली आणि दोन तासांनी त्या पाण्यात बोट बुडवून चाखलं. मी ओरडले, "मॅडम!" त्या म्हणाल्या, "गोडसर आहे गं!" तेव्हा उलगडा झाला. ताज्या झावळीत साखर असते आणि ती गोंदाला घट्ट होऊ देत नाही. शिळ्या ढिगावर महिनोन्‌महिने पाणी ठिबकत राहिलं आणि साखर धुऊन गेली. आम्ही जितका ताजा माल आणत होतो, तितकं स्वतःचंच नुकसान करत होतो.

परतीच्या वाटेवर अर्धा रस्ता सरला, तेव्हा मॅडमनी गाडी कडेला घेतली. "आता रागावते. खोटं लिहिलंस ते फार वाईट केलंस, रुबीना. आधी ढीग बघायचा होता म्हणून थांबले होते." आणि खरोखरच रागावल्या. मी आजवर कुणाचं इतकं ऐकून घेतलेलं नाही.

अहवाल लिहिताना मी दबक्या आवाजात सुचवलं, 'नमुना चुकून दुसऱ्या ढिगातला आला' असं लिहू या. त्यांनी 'चुकून' खोडलं. "चुकून नाही. तू मुद्दाम घेतलास. उद्या दुसऱ्या कुणाला हे तपासायचं असेल, तर त्याला खरं काय घडलं ते नको कळायला?" मी रडले, त्यांनी लिहिलं. अर्बाबनी वाचलं आणि म्हणाले, या बाईला घरी पाठवा. मॅडम म्हणाल्या, "सर, झूठ उसने लिखा, सच भी उसी ने बताया. इसको निकालोगे तो अगली बार मुझे कोई नहीं बतायेगा. फिर मैं क्या करूंगी?" अर्बाबनी अहवाल बाजूला सारला. मग चहा मागवला, तीन कप. तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

आज आमच्याकडे झावळ्या भिजवण्याचे हौद आहेत, ते पाणी बागेलाच परत जातं आणि बोर्ड युरोपला जातात. प्रयोगशाळा उघडी आहे. पुढच्या महिन्यात मॅडम निवृत्त होऊन वसईला परततील, आणि त्यांच्या खुर्चीवर मी बसावं असं त्यांनीच अर्बाबना लेखी दिलं आहे.

मॅडम, रुबीनाला तिच्या प्रामाणिकपणानं त्या दिवशी बोलतं केलं, असं तुम्ही सगळ्यांना सांगत आला आहात. ते खरं नाही, आणि आजवर मी ते दुरुस्त केलं नाही. नोकरीची भीती पहिल्या दिवशी होती तितकीच चौथ्या दिवशीही होती. पण तुम्ही भलत्याच जागी इतक्या आनंदानं शोधत होतात, की मला ते बघवेना. बस्स, एवढंच कारण. तुम्हाला निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, आणि तुम्हाला चुकीच्या जागी शोधताना पाहून गप्प राहवणार नाही असं कुणी ना कुणी कायम तुमच्या शेजारी असो.